वेगळ्या वारेचे दोघे

रामआळीत एका अनोळखी गृहस्थाने रूपेश नागवेकरला भर रस्त्यात थांबवलं, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन साहेब. पेपरात फोटो बघितला. रत्नागिरीचं नाव काढलंत." त्या हाताला डिझेलचा वास होता, नखांत काळं तेल होतं आणि रूपेशच्या दुसऱ्या हातात ट्रॉलरच्या इंजिनाचा फुटका पंप होता. एवढं सगळं समोर दिसत असूनही त्या माणसाला तो शास्त्रज्ञ वाटला, म्हणजे चेहरा किती सारखा असेल ते समजून घ्या.

"फोटोतला माझा भाऊ," रूपेश म्हणाला. "मी मिस्त्री. बोटींची इंजिनं बघतो."

गृहस्थ "असं का, असं का" म्हणाले आणि वाटेला लागले. चार पावलांवर त्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. ते रूपेशला दिसलं नसतं तर बरं झालं असतं, पण असलं काही त्याच्या नजरेतून कधी सुटत नसे. माणसाचा स्वभावच तसा होता. भावाचं कौतुक त्याला दहा माणसांच्या गलक्यातही ऐकू यायचं, आणि स्वतःचं कोणी केलं तर तो "हां हां" म्हणून सोडून द्यायचा.

पेपरात आलेला हितेश हा त्याचा जुळा भाऊ. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत तो वस्तूंवर द्यायचे नवे लेप तयार करायचा. समुद्रात बुडालेल्या लोखंडाला कालवं, शिंपल्या आणि शेवाळ धरू नये, तेही पाण्यात विष न सोडता, असा एक लेप त्याच्या गटाने बनवला होता. लेपाचा वरचा थरच असा घडवलेला, की चिकटायला आलेल्या जिवाला पकडच मिळू नये. या कामासाठी हितेशने वर्षभरापूर्वी रत्नागिरीला तो लेप दिलेल्या काही लोखंडी पाट्या पाठवल्या होत्या. "जेटीखाली बांधून ठेव आणि मधूनमधून फोटो पाठव," असं भावाला सांगितलं होतं. रूपेशने पाट्या बांधल्या. तो न चुकता बघायलाही जायचा, पण का जायचा ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. एक तरी कालव धरलेलं दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. शेजारचा जेटीचा खांब कालवांनी खरबरीत झालेला, बोटींचे तळ पांढरे पडलेले, आणि त्या पाट्या मात्र त्याच्या नाकावर टिच्चून कोऱ्या. फोटो काढताना त्याच्या अंगाची लाही व्हायची. आणि आता पेपरात एवढा मोठा मजकूर आला, त्यात जेटीचं नाव होतं, समुद्राचं होतं, पाट्या बांधणाऱ्याचं नव्हतं.

"तुमचं नाव घालायला पाहिजे होतं भावजींनी," त्याची बायको दीपाली म्हणाली.

"मला नकोच होतं," रूपेश म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

दीपालीने त्याचं ताट झाकून ठेवलं. लग्नाला वीस वर्षं उलटली होती, तिला या दुखण्याची सवय होती. पेपरात हितेश, टीव्हीवर हितेश, फोनवर हितेश, की घरात एक माणूस उपाशी. ती शेजारणीला हसून सांगायची, "आमच्या ह्यांचा उपास कॅलेंडरात नसतो, भावजींच्या प्रगतीवर असतो."

आता खरं सांगायचं तर रूपेश वाईट माणूस नव्हता. मिरकरवाडा बंदरात त्याच्या हाताला मान होता. समुद्रात बंद पडलेली बोट ओढून आणली की लोक आधी रूपेशला फोन करायचे, मग मालकाला. मांडवीला स्वतःचं चिऱ्याचं घर होतं, दीपालीसारखी बायको होती, मुलगी पुण्याला शिकत होती. पण हे सगळं त्याला कधी पुरतं दिसलंच नाही, कारण मध्ये नेहमी हितेश उभा असायचा. हितेशचं विमान, हितेशचा परदेशातला सत्कार, हितेशची चष्म्याआडची शांत नजर. आपल्याच चेहऱ्याच्या माणसाला सगळं मिळालेलं बघणं फार वाईट. परक्या चेहऱ्याचा असता तर निदान रोज आठवला नसता.

यातून रूपेशने स्वतःपुरती एक वाट काढली होती, आणि तिच्यावर त्याने तीसेक वर्षं काढली होती. ती वाट अशी, की दोघे जुळे खरे, पण वेगळे जुळे. त्यांची आई बकुळा घरातच बाळंत झाली तेव्हा सुईणीने सांगितलं होतं, वारा दोन पडल्या, बाळं पोटात नाळेने ज्यांवर पोसतात त्या. प्रत्येकाची वार वेगळी, म्हणजे बीज वेगळं. एका वेळी पोटात राहिलेले साधे भाऊ, दुसरं काही नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि चेहरे सारखे दिसतात त्याचं कोणाला नवल नव्हतं, भाऊ भावासारखा दिसायचाच. तेव्हा रूपेशचा हिशेब सरळ होता. हितेशच्या वाट्याला चांगलं डोकं आलं, आपल्या वाट्याला हात आले. दहावीला हितेशचे मार्क चिमूटभर जास्त होते. घरात दोघांना पुढे शिकवण्याची ऐपत नव्हती, वडील खंडू दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते. एकाला डोंबिवलीच्या मामाकडे पाठवलं, एकाला घरी ठेवलं. ज्याचं डोकं चांगलं तो गेला. यात रूपेशची चूक काय? देवाने दिलंच नाही तर माणूस काय करणार? या एका प्रश्नावर तो रात्री झोपायचा.

शिमग्याच्या आधी हितेशचा फोन आला. पुण्याची एक संस्था जुळ्यांचा अभ्यास करत होती. एकाच घरात वाढलेले आणि पुढे अगदी वेगळं आयुष्य काढलेले जुळे त्यांना हवे होते. लाळेतून जनुकं तपासणार, मेंदूचं चित्र काढणार. "मी नाव दिलंय आपलं," हितेश म्हणाला, "पण तू हो म्हटलंस तरच."

दीपालीला वाटलं, आता फोन आपटणार. रूपेश म्हणाला, "कधी येणार?"

हो म्हणण्यामागचं कारण त्याने मनातच ठेवलं. इतकी वर्षं तो जे स्वतःला सांगत आला होता ते आता यंत्र सांगणार होतं. लोक तोंडाने नाही तरी नजरेने विचारायचे, तुझ्या भावाने एवढं केलं मग तू का नाही? त्यांना आता उत्तर मिळणार होतं. बघा, बीज वेगळं, डोकं वेगळं. मला दोष देऊ नका. त्याला या तपासणीत हरायचं होतं. रीतसर, शास्त्राच्या शिक्क्यानिशी हरायचं होतं.

हितेश शिमग्याला आला, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेची गाडी दारात उभी राहिली. तपासणीची प्रमुख होती झरीन मुकादम, मूळची राजापूरची, तिशीची पोरगी, बोलायला एकदम मोकळी. तिने बकुळाला वाकून नमस्कार केला, पडवीत बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कोण जन्मलं?"

"मी," रूपेश म्हणाला.

"म्हणजे मोठे तुम्ही."

"नाही, मोठा मी," हितेश म्हणाला.

झरीनने पेन थांबवलं. बकुळाने तिला समजावलं. "जो आधी पोटात गेला तो आतमधी बसला. मागनं आला तो दारात. मग आधी कोन भायेर पडनार? दारातला. म्हनून आधी आला तो धाकटा, मागनं आला तो मोठा."

"एस्टीत शेवटी चढलेला आधी उतरतो, तसं," दीपाली आतून म्हणाली.

झरीन हसली. "माझी नानीपण असंच सांगायची. पण मला घड्याळाचं लिहावं लागेल, आजी. आधी रूपेशकाका."

हे ऐकून रूपेशला इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच हसू आलं. जन्मात पहिल्यांदा कुठेतरी कोणीतरी त्याला हितेशच्या आधी लिहिलं होतं. आयुष्यभर तो घड्याळाने मोठा आणि घरात धाकटा राहिला. शिमग्याला पालखी घरी आली की मानाचा नारळ हितेशच्या हातात. वर्षभर देवाचं, घराचं, आईचं सगळं रूपेश बघणार आणि त्या दिवशी मात्र बंगळूरहून आलेला पाहुणा पुढे उभा राहणार. धोतराचा काष्टासुद्धा त्याला धड घालता येत नसे, तो रूपेशच घालून द्यायचा.

लाळ देऊन झाली. मग मेंदूचं चित्र. ते यंत्र गाडीतच होतं. रूपेशने दवाखान्यातलं असलं यंत्र पाहिलं होतं, खोलीएवढं. हे त्यामानाने पिटुकलं. त्याने ओळखीच्या नजरेने त्याच्याभोवती एक फेरी मारली, खालून वाकून पाहिलं.

"यात चुंबक असतं," झरीन म्हणाली. "पूर्वी फार ताकदीचं लागायचं आणि त्याला सतत गार ठेवायला लागायचं. आता कमी ताकदीच्या चुंबकावर काम होतं. चित्र जरा धुरकट येतं, मग संगणक ते साफ करतो. म्हणून तर तुमच्या दारापर्यंत आणता आलं."

आधी हितेश आत गेला, मग रूपेश. आत झोपल्यावर ठकठक आवाज सुरू झाला. इंजिनात व्हॉल्व्ह ढिला पडला की येतो तसला. रूपेश डोळे मिटून पडला आणि एकच विचार करत राहिला, आता ह्यांना दिसत असेल. रिकामी जागा दिसत असेल. बाहेर आल्यावर पडद्यावर दोन करडी चित्रं शेजारी शेजारी होती. त्याने झरीनला विचारायचं टाळलं, पण कोणतं लहान आहे ते बराच वेळ डोळ्यांनी मापत राहिला. कळलं काहीच नाही. पालखीच्या दिवशी हितेशने नारळ घेतला, रूपेशने ढोलाच्या आवाजात तोंड फिरवून घेतलं, आणि हितेश परत गेला.

मधल्या दिवसांत रूपेश बदलला. हे दीपालीच्या लक्षात आलं आणि तिला त्याचं नवल वाटलं. तो भावाबद्दल चांगलं बोलायला लागला. "त्याचं डोकंच वेगळं आहे ना," असं जेटीवर स्वतःहून सांगायला लागला. कोणी हितेशची चौकशी केली तर पूर्वीसारखा तुटक बोलायचा नाही. निकाल यायचा होता, पण त्याच्या मनात तो लागून गेला होता, आणि हरलेल्या माणसाला जी एक फुकटची शांतता मिळते ती त्याला आगाऊच मिळाली होती.

मे महिन्यात हितेश रजेवर आला. झरीन रत्नागिरीत दुसऱ्या एका कुटुंबाकडे येणार होती, जाताजाता ती नागवेकरांकडे आली. पडवीत सगळे बसले. दीपालीने कोकम सरबत आणलं. झरीनने एक घोट घेतला आणि सरळ सांगून टाकलं.

"तुम्ही दोघं एकाच बीजाचे आहात. जनुकं सारखी."

"सारखी म्हणजे?" रूपेशने विचारलं. "भावाभावांची असतात तशी?"

"नाही काका. तीच. एकच गर्भ, त्याचे दोन झाले."

रूपेशने ग्लास खाली ठेवला. "असं कसं होईल? वारा दोन होत्या. आयेला विचारा. सुईणीने बघितलंय."

"सुईणीने बरोबरच बघितलं. पण बीज फार लवकर फुटलं, पहिल्या दोनतीन दिवसांत, तर प्रत्येक अर्धं आपली वेगळी वार धरतं. एकाच बीजाच्या जुळ्यांत सुमारे तिसरा हिस्सा असाच असतो. पुष्कळ घरांत हा गैरसमज असतो, डॉक्टरसुद्धा फसतात."

हितेशला केवढा आनंद झाला. तो उठून रूपेशजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघ. म्हणजे आपण एकच."

रूपेशने खांदा काढून घेतला. त्याने झरीनला विचारलं, "आणि मेंदू? ती दोन चित्रं होती. त्यातलं कुठलं शास्त्रज्ञाचं ते सांगा."

झरीन म्हणाली, "चित्र बघून ते सांगता येत नाही."

"तुम्हाला पण नाही?"

"कोणालाच नाही. थोडेफार फरक आहेत, तुमच्यात आहेत तसे कोणाही दोघांत असतात. जनुकं तीच असली तरी त्यांच्यावर आयुष्यभर खुणा पडत जातात. ऊन, धूर, झोप, काळजी, काम. कुठलं जनुक किती चालू राहील ते त्या खुणांवर ठरतं, आणि तुमच्या दोघांच्या खुणा आता खूप वेगळ्या झाल्यात. आम्हाला तेच शिकायचंय. पण जन्मताना हातात आलं ते दोघांच्या सारखंच."

ती हे चांगल्या मनाने सांगत होती. तिला वाटलं, काकांना बरं वाटेल. शास्त्रज्ञ भावाइतकंच तुम्हालाही मिळालं होतं, हे ऐकून कोणाला वाईट वाटेल?

रूपेशला वाटलं. इतकं वाईट त्याला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. कमी मिळालं असतं तर ते देवाच्या माथी मारता आलं असतं. सारखंच मिळालं होतं, आणि त्याचं एकाने हे केलं आणि दुसऱ्याने हे. तीस वर्षं ज्या भिंतीला तो टेकून बसला होता ती कोणी बाजूला नेऊन ठेवली होती, आणि वर म्हणत होते, आनंद माना. आतापर्यंत त्याने हितेशच्या नशिबाचा हेवा केला होता. आता कशाचा करायचा? स्वतःच्याच डोक्याचा, जे दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन मोठं झालं होतं? त्याला हितेशचा चष्मा, त्याचा स्वच्छ शर्ट, त्याचे मऊ हात, सगळं एकदम आपलं वाटलं, आपल्याकडून कोणी काढून नेलेलं वाटलं. पूर्वीचा जळफळाट यापुढे काहीच नव्हता.

"एकच ना आपण," तो हितेशला म्हणाला. "मग मी इंजिनाखाली का?"

झरीनने सरबत संपवलं, आजीला पुन्हा नमस्कार केला आणि जायला निघाली. गाडीत बसताना ती दीपालीला हळूच म्हणाली, "काकांना काही झालं का?" दीपाली म्हणाली, "त्यांना नेहमीच होतं. तू जा."

दुपारी तिघे जेवायला बसले, बकुळा, रूपेश आणि हितेश. दीपाली वाढत होती. बांगड्याचं तिखलं होतं, भात होता. हितेश बंगळूरच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलत होता, ते कोणी ऐकत नव्हतं. रूपेशने घास घेतला नाही. तो आईकडे बघत होता.

"आये, एक विचारतंय. खरं सांगशील?"

"काय ता इचार."

"दहावीच्या मागनं ह्याला डोंबिवलीला पाठवलात. मला ठेवलात. का?"

बकुळा काटा काढत होती. तिने तो ताटाच्या कडेला लावला. "आता काय त्याचं?"

"सांग तरी. ह्याचं डोकं बरं म्हणून?"

"मला काय म्हायती कोनाचं डोकं कसं. मार्कांचे कागद आनलंत तुमी, मला वाचता कुठं येतं? तुज्या बानं सांगितलं, दोगांतला एकच जाईल, कोन ता तू ठरव. डोंबिवलीचा तुजा मामा माजा भाऊ ना, म्हनून माज्यावर टाकलान."

रूपेशला हे नवीन होतं. हितेशलाही होतं. वडिलांनी ठरवलं, मार्क बघून ठरवलं, असं दोघांनीही धरून ठेवलं होतं.

"मग मोठा म्हणून पाठवलंस?" रूपेशने विचारलं.

"मोठा म्हनून तर घरात ठेवतात. तुला कळत कसं नाय?"

"मग?"

बकुळाने भाताचा गोळा केला आणि हातातच ठेवला. तिच्या आवाजात काही फरक पडला नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी ती बोलली.

"तुला सोडवेना. ह्यो लहानपनापासून आपला आपला. शाळंतनं आला की पुस्तक घिऊन माडाखाली. तू येऊन चुलीपाशी बसायचंस, ह्या बोल, त्या बोल. तुजे बाबा बोटीवर गेलं की मला घरात तुजाच आवाज. तुला पाठवला असता तर मी काय केलं असतं? दोन दिवस झोपली नाय. मग ठरवलं, ह्याला पाठवायचा. ह्यो राह्यला असता कुठंबी."

दीपाली तिखल्याचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

रूपेशच्या मनात आधी राग आला. माझं शिक्षण तू तुझ्या करमणुकीसाठी ठेवून घेतलंस, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ते बाहेर पडायच्या आत त्याच्या आत दुसरंच काहीतरी झालं. दोन मुलं होती आणि आईने एकाला निवडलं होतं. निवडलेला तो होता. तीस वर्षं तो ज्याला मागे राहणं समजत होता ते मागे राहणं नव्हतंच. त्याला आनंद झाला. आवरता येऊ नये इतका झाला, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वर मान करून हितेशकडे बघितलं. आता तुझं तोंड बघू दे, असंच त्याच्या मनात होतं.

हितेश आईकडे बघत होता. "आणि मी?" त्याने विचारलं. आवाज लहान झाला होता.

"तुजं काय? तू शाना. गाडीत बसलंस तेव्हा रडलं पन नाहीस."

"गाडी सुटली तेव्हा तू नव्हतीस, आई. तू आधीच घरी गेलीस. रूपेशला ताप होता म्हणून."

"व्हता ताप त्याला," बकुळा म्हणाली.

"मी चिपळूणपर्यंत रडत होतो," हितेश म्हणाला. मग चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला आणि उगाच पंच्याने तोंड पुसलं.

चष्मा काढल्यावर तो अगदी रूपेश दिसायचा. आणि त्या उघड्या चेहऱ्यावर जे होतं ते रूपेशला नवं नव्हतं. ओठ आत घेतलेले, डोळे ताटावर, आणि कान मात्र आई पुढे काय म्हणते तिकडे. दुसऱ्याला मिळालेल्या गोष्टीकडे न बघता बघणं. हे दुखणं कुठून सुरू होतं, कुठे जाऊन थांबतं, घास कसा अडकतो, रात्री कोणता प्रश्न घेऊन माणूस पडतो, सगळं त्याला ठाऊक होतं. फक्त ते आपल्या एकट्याचं आहे असं तो समजत होता. भावाचा हेवा दिसावा म्हणून त्याने आयुष्यभर वाट बघितली होती. तो आता दिसला, आणि रूपेशला तो क्षणभरही बघवेना.

"आये, कायतरी बोलू नकोस," तो म्हणाला. "तुला आठवत नाय. मार्क ह्याचे जास्त व्हते म्हणून पाठवला. बाबांनी मला जेटीवर बसवून सांगितलेलं. हितेशचं डोकं चालतं, त्याला शिकवायचा, तू रागावू नकोस. मी तेव्हा चांगला मोठा व्हतो, मला लख्ख आठवतंय."

बाबा असं कधीच काही बोलले नव्हते. बकुळाने रूपेशकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दीपालीनेही पाहिलं, आणि डाव भांड्यात ठेवून ती मागच्या दारी गेली.

"असंल," बकुळा शेवटी म्हणाली. "माजं आता कुठं डोकं चालतंय. तुमचे बाबाच ठरवायचे सगळं."

"मग तेच सांगतोय," रूपेश म्हणाला. "हितेश, जेव. गार होतंय."

हितेशने मान हलवली, चष्मा लावला आणि भात कालवायला घेतला. तो कालवतच राहिला, खाल्ला नाही. त्याला पटलं नव्हतं, आणि पुढेही कितीही वर्षं पटणार नाही, हे त्या घरात एकट्या रूपेशला कळत होतं.